उणे वीस अंशांचं पार्सल

पार्सल शुक्रवारी सकाळी अकराला आलं आणि मनोहररावांनी ते सही करून घेतलं. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं.

नारी रोडवरच्या त्या गल्लीत पार्सल येणं म्हणजे काही विशेष नाही. रोज कोणाची तरी चप्पल येते, कुर्ता येतो, आणि तिसऱ्या दिवशी माप चुकलं म्हणून परत जातो. पण मनोहररावांनी एका सरकारी कार्यालयाच्या आवक शाखेत एकतीस वर्षं काढली होती. शिपाई म्हणून लागले, सत्ताविसाव्या वर्षी रात्रशाळेत अक्षरं गिरवली, आणि त्या अक्षरांच्या जोरावर लिपिक होऊन निवृत्त झाले. उशिरा शिकलेल्या माणसाचा छापील अक्षरावर फार विश्वास बसतो. लहानपणी शिकलेले लोक पाटी वाचतात आणि पुढे जातात. मनोहरराव थांबतात. ‘येथे थुंकू नये’ असं लिहिलेल्या भिंतीपाशी, थुंकायचं मनात नसतानाही, ते क्षणभर थांबून मान डोलावत.

“सही करा, काकाजी,” कुरियरवाला म्हणाला.

“थांब गा. आधी तारीख, मंग नाव, मंग विषय.”

हा आवक शाखेचा मंत्र. कुरियरवाला उन्हात उभा राहिला. मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या वर होता, आणि त्याच्या गाडीवर अजून चाळीस पार्सलं होती. पण मंत्र म्हणजे मंत्र.

खोका थर्माकोलचा, मोठ्या कुकरएवढा. त्यावर दोन कागद चिकटवलेले. पांढऱ्या कागदावर तारीख कालची, नाव मुलीचं, दीक्षाचं, आणि विषय इंग्रजीत: रिकॉम्बिनंट ह्युमन, पुढे एक लांबलचक नाव, आणि शेवटी ‘फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी’. दुसरा कागद निळा होता. त्यावर मोठ्या अक्षरांत एकच हुकूम: उणे वीस अंश, गोठलेलं ठेवा. खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं, पण हुकूम इतका ठळक असला की बारीक अक्षर कोण वाचतो.

मनोहररावांनी सही केली, वेळ टाकली, आणि घरात येऊन म्हणाले, “सिंधू, पोरीचं प्रथिन आलं.”

हे प्रथिन काय आहे ते दीक्षानं आदल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. ती शहरातल्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. “बाबा, माणसाच्या शरीरातलंच प्रथिन आहे हे. पण माणसापासून काढत नाही. माणसाच्या पेशीतली सूचना घेतात, जंतूत टाकतात, अन् जंतू ते बनवून देते. याले रिकॉम्बिनंट म्हणतात.”

मनोहररावांना ते तात्काळ कळलं. “म्हणजे काम शिपायानं करायचं, अन् सही सायबाची.”

“तसंच समजा.”

“मंग यात नवीन काय शोधलं वं यायनं? आमच्या हापिसात हे मी लागलो तवापासून चालू होतं.”

दीक्षा हसली, पण लगेच गंभीर झाली. “बाबा, नीट ऐका. लॅबमधल्या माझ्या पेशी सोमवारी दुपारी दोनले तयार होतात. त्या वेळेवर त्यायले हे प्रथिन द्या लागते. नाही दिलं तर त्या मरतात. अन् पुन्हा मागवायचं तर चार महिने. माझी फेलोशिप तीन महिन्यांत संपून राहिली.”

“कॉलेजच्या पत्त्यावर काहून नाही मागवलं?”

“मागच्या वेळी मागवलं होतं. एकोणीस दिवस भांडाराच्या कपाटात पडून होतं. भांडारपाल निवडणूक ड्युटीवर, अन् किल्ली त्यायच्या खिशात. शिक्का तर त्यायचाच लागते, शिक्क्याशिवाय विभागप्रमुख कोणत्याच वस्तूले हात लावू देत नाहीत. पण तो मी सोमवारी सकाळी घेईन. तुम्ही फक्त पार्सल जपून ठेवा.”

एवढं सांगून ती पारशिवनीकडे गेली. विभागाचं तीन दिवसांचं निसर्ग शिबिर होतं. संशोधन करणाऱ्यांचं मुख्य काम म्हणजे शिबिरात उपमा वाढणं आणि पोरं मोजणं, हे तिला पीएचडीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिथं मोबाइलला रेंज मिळायची ती एका चिंचेखाली, आणि तीही वारा अनुकूल असला तर.

तर ‘जपून ठेवा’ म्हणजे कसं, हे निळ्या कागदावर लिहिलेलंच होतं.

सिंधूताईंनी फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात बर्फाचे दोन ट्रे, हिवाळ्यात सोलून ठेवलेले वाटाणे आणि कैरीचा गर. खोका तिथं मावत नव्हता. मनोहररावांनी तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, कप्प्याचं झाकण काढून पाहिलं. झाकण निघालं, ते मग पुन्हा कधी बसलं नाही.

“अहो, खोका उघडा ना. आतली वस्तू ठेवा.”

“उघडता येत नाही. पदनामानं आलेलं पाकीट आवक शाखा उघडते, नावानं आलेलं उघडत नाही. हे नावानं आलं आहे.”

“नाव मीच ठेवलं तिचं.”

“नाव कोणं ठेवलं त्याचा प्रश्न नाही. एका नवीन लिपिकानं सायबाच्या नावाचं पाकीट उघडलं होतं, माहीत आहे ना? आत काय होतं ते कोणालेच कळलं नाही. लिपिक मात्र बदलीवर पार सिरोंच्याच्या जंगलात गेला.”

“तुम्हाले आता कोण पाठवते सिरोंच्याले? मी पाठवू का?” सिंधूताई म्हणाल्या. पण एकतीस वर्षांची शिस्त बायकोच्या एका वाक्यानं मोडत नाही. मोडली असती तर पहिल्याच वर्षी मोडली असती.

शेजारच्या घरात रीना राहायची. घरूनच कुल्फी आणि आइस्क्रीम केकचा धंदा करायची, आणि तिच्याकडे गुडघ्याएवढा खोल, आडवा डीप फ्रीझर होता. मनोहरराव खोका घेऊन दारात उभे राहिले तेव्हा तिनं दोन डझन कुल्फ्या बाजूला सरकवल्या. “ठेवा काकाजी. दीक्षाचं काम म्हणजे आपलंच काम. सोमवारपर्यंत काय, दिवाळीपर्यंत ठेवा.”

दिवाळी दुपारी दोन वाजता आली. वाढदिवसाचा केक न्यायला एक बाई आल्या. रीनानं फ्रीझर उघडला, बाई कौतुकानं आत डोकावल्या, आणि अननसाच्या केकशेजारी पांढऱ्या कागदावरचं ‘ह्युमन’ त्यांना दिसलं.

“हे ह्युमन काय आहे?”

“ते आमचं नाही, शेजारच्या काकाजींचं आहे,” रीना सरळ मनानं बोलून गेली.

बाईंनी केक नेला नाही. त्यांनी मनोहररावांच्या घराकडे एकदा पाहिलं आणि गाडीला किक मारली. तासाभरात आणखी दोन केक रद्द झाले. रीना खोका घेऊन परत आली. “काकाजी, वाईट नका वाटून घेऊ. मले माहीत आहे तुम्ही चांगले आहात. पण आता हे मले समोरच्या लेआउटमधल्या घराघरात सांगत फिरा लागून राहिलं.”

मनोहररावांना वाईट वाटलं नाही असं नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या चारित्र्यावर शेरा नव्हता, आणि आता एका अननसाच्या केकमुळे तो पडत होता. पण खोका हातात होता आणि वरून हुकूम होता. तेवढ्यात गल्लीतले सगळे कूलर एका दमानं बंद झाले. डीपी उडाली. दर मे महिन्यात ती उडते आणि दर मे महिन्यात लोक ‘यंदा कशी काय उडाली’ असं विचारत बाहेर येतात.

बाहेर आलेल्यांत देवाजी होते. त्यांचं घराणं उमरेडचं, आजा-बाप हातमागावर बसायचे. देवाजी मात्र कळमन्याच्या बाजारात मापाडी झाले. त्यांनी खोका हातात घेतला, वजन केल्यासारखा वर-खाली केला आणि म्हणाले, “दीड किलोही नाही भरत. पण मनोहरराव, एक विचारू? थर्माकोलमधून गरमी आत जात नाही, बरोबर?”

“बरोबर.”

“मंग थंडी कशी जाईल गा?”

मनोहररावांनी खोका परत घेतला. प्रश्न वाईट नव्हता. पण प्रश्न विचारणं हे आवक शाखेचं काम नाही. “लिहिलं आहे ते करायचं, देवाजी. कसं होते ते लिहिणारा पाहून घेईल.”

“मंग चला कळमन्याले. तिथं कोल्ड स्टोरेज आहे. मिरची दोन-दोन वर्षं राहते, तुमचं दोन दिवस नाही राहणार?”

देवाजींच्या स्कूटरवर मागे बसून, खोका पोटाशी धरून, टोपीवर ओला दुपट्टा बांधून मनोहरराव कळमन्याला पोचले. कोल्ड स्टोरेजचे मुनीम मारोतराव वही उघडून बसले होते. ते देवाजींच्या ओळखीचे, म्हणून त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग पेन उचललं.

“माल कोणता?”

“प्रथिन.”

“म्हणजे?”

“प्रोटीन,” देवाजी म्हणाले.

मारोतरावांचा चेहरा खुलला. “मंग डाळीत लिहितो. डाळीत प्रोटीनच असते.”

“डाळीत नका लिहू,” मनोहरराव म्हणाले. “हे मानवी आहे.”

पेन थांबलं. “माणसाचं?”

“माणसाचं, पण माणसानं केलेलं नाही. जंतूनं केलं.”

“जंतू लागलेली डाळ आम्ही घेत नाही. बाकीच्या मालाले कीड लागते.”

“डाळ नाही ना गा.”

“बरं. किती क्विंटल?”

मनोहररावांनी पांढरा कागद पुन्हा वाचला. “दहा मायक्रोग्रॅम.”

मारोतरावांनी देवाजींकडे पाहिलं. तीस वर्षं मापाडी राहिलेल्या माणसानं खाली मान घातली. हे माप त्यांच्याही हातून कधी गेलं नव्हतं.

“पंचवीस किलोच्या खाली पावती फाटत नाही,” मारोतराव म्हणाले. “पण तुम्ही देवाजीचे माणूस. मी लिहितो, तूर, पंचवीस किलोचा एक कट्टा. तुम्ही सही करा. सोमवारी तुरीची पावती दाखवा अन् खोका घेऊन जा.”

मनोहररावांनी हात मागे घेतला. खोट्या नोंदीवर सही. सरकारी नोकरीत त्यांनी खोट्या नोंदी पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण त्या त्यांच्या हातच्या नव्हत्या. त्यांनी फक्त त्यांच्यावर तारीख टाकली होती. “तसं नाही लिहिता येत. ‘मानवी प्रथिन, संशोधनासाठी’ असंच लिहा.”

“तो शेतमाल नाही. शेतमाल नसला तर घेता येत नाही.”

“आत थंडी किती आहे?”

“चार अंश.”

“उणे?”

“काहून उणे?” मारोतराव चकित झाले. “मिरचीले सर्दी करायची आहे का?”

तिथं मिरचीच्या एका शिंकेशिवाय काही पदरात पडलं नाही. फाटकाबाहेर येता येता देवाजींना सुचलं. त्यांच्या लहानपणी उमरेडला कुल्फीवाला यायचा. त्याच्याकडे कोणता फ्रीझर होता? बर्फ फोडायचा, त्यात खडे मीठ टाकायचा, आणि डबा फिरवायचा. “बर्फात मीठ टाकलं तर बर्फाहून थंड होते. दीक्षालेच विचारा, तिलेही माहीत असेल.” दीक्षाला विचारण्यासाठी फोन लावला. ती चिंचेखाली नव्हती.

परतीच्या वाटेवर बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी घेतली, बारदान्यात गुंडाळून स्कूटरवर पायाजवळ ठेवली. देवाजींचे तळवे मे महिन्यात पहिल्यांदाच थंड झाले. नाक्यावरच्या किराणा दुकानात मनोहररावांनी दहा किलो खडे मीठ मागितलं.

“यंदा किती कैऱ्या घालून राहिले, काकाजी?” दुकानदार मोहितनं विचारलं.

“कैऱ्या नाही. घरात एक वस्तू ठेवायची आहे.”

मोहितनं मीठ बांधलं, पण त्याचा चेहरा बदलला. केक न नेणाऱ्या त्या बाई त्याच्याच दुकानातून दूध न्यायच्या. “काकाजी,” तो हळूच म्हणाला, “किडनी आहे का? माझ्या मामाले पाहिजे होती, म्हणून विचारलं.”

बर्फ आणि मीठ मिळालं; आता भांडं पाहिजे. घरात एवढं मोठं एकच भांडं होतं: सिंधूताईंची गव्हाची पत्र्याची कोठी. वर्षाचा गहू नुकताच उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून भरला होता.

सिंधूताई कोठीसमोर उभ्या राहिल्या. “माझ्या कोठीले हात लावायचा नाही.”

“पोरीचं करियर आहे वं.”

त्या बाजूला झाल्या. गहू पलंगावर ओतला गेला. पलंग पूर्ण भरला आणि नवरा-बायको फरशीवर आले. कोठीत तळाला बर्फ, मग मीठ, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला खोका, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ, वर बारदाना. मनोहररावांनी भिंतीवर पाळीपत्रक लावलं. सकाळी सहा ते दहा मनोहरराव, दहा ते दोन सिंधूताई, दोन ते सहा मनोहरराव, आणि पुढे रात्रभर अशाच आळीपाळीनं. प्रत्येक पाळीच्या शेवटी पाणी काढायचं, बर्फ घालायचा, आणि पुढच्याकडे कार्यभार सोपवायचा.

“कार्यभार कसा सोपवायचा?” सिंधूताईंनी विचारलं. “मी तर इथंच राहते.”

“सही करून.”

“मी स्वयंपाकघरातून निघते तवा सही नाही करत. आजपर्यंत पस्तीस वर्षं झाली, कार्यभार कोणी घेतला नाही.”

शनिवारी आणि रविवारी गल्लीतलं जवळपास प्रत्येक माणूस येऊन कोठी पाहून गेलं. लोकांनी सल्ले दिले. मीठ कमी आहे. मीठ जास्त आहे. बर्फ मोठा फोडला पाहिजे. बारदाना ओला ठेवा. बारदाना कोरडा ठेवा. रीना आली, तिनं बर्फात बोट घालून चाखलं आणि कुल्फीवालीच्या अधिकारानं म्हणाली, “बरोबर आहे, जमते.” मोहितनं उरलेलं मीठही पाठवलं, परत घेणार नाही असं सांगून. देवाजी दिवसातून तीन वेळा बर्फ आणत होते. बर्फवाल्यानं विचारलं लग्न कोणाचं आहे, तर ते म्हणाले, “प्रथिनाचं.” दोन दिवसांत कोठीच्या बुडाला तांबूस गंज चढला. सिंधूताईंनी तो पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्याची नोंद मनोहररावांनी मनात घेतली.

रविवारी दुपारी चार वाजता दीक्षा शिबिरातून परत आली. दारातून आत येताच तिला पलंगावर गव्हाची रास दिसली, फरशीवर मिठाचं पाणी, भिंतीवर पाळीपत्रक, आणि कोठीशेजारी खुर्चीत ताठ बसलेले बाबा.

“बाबा, हे काय आहे?”

“कार्यभार,” मनोहरराव उभे राहिले. “तुझं पार्सल. शुक्रवार संध्याकाळपासून आजपर्यंत सलग गोठलेलं. उघडलं नाही.”

दीक्षानं बारदाना उचलला, खोका बाहेर काढला, पुसला. निळ्या कागदाकडे पाहिलं. मग ती खाली बसली. “बाबा, हे दुसऱ्याचं आहे.”

“कागदावर तुझं नाव आहे.”

“पांढऱ्यावर आहे. हा निळा जुना आहे. माल पाठवणारे खोके पुन्हा पुन्हा वापरतात. हे पाहा, खाली बारीक अक्षरांत पुण्याच्या कोणाचं तरी नाव. अन् तारीख दोन वर्षांपूर्वीची.”

देवाजी नुकतेच लादी घेऊन आले होते. ती त्यांच्या हातातून ठिबकत होती. मनोहररावांनी चष्मा लावला. तारीख खरंच दोन वर्षांपूर्वीची होती. आधी तारीख, मग नाव, मग विषय. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना शिकवलं, आणि घरच्या पार्सलवर एक कागद नियमाप्रमाणे पाहिला आणि दुसरा नुसताच पाळला. वाळूत पाय फसावा तसे ते खुर्चीत बसले.

दीक्षानं खोका उघडला. आत कागदाचे गोळे, त्यात एक पिशवी, पिशवीत करंगळीच्या पेराएवढी कुपी आणि एक घडी केलेलं माहितीपत्रक. तिनं ते वाचलं. “ही वाळवलेली पूड आहे. साध्या तापमानाले महिनाभर टिकते. गोठवली तरी काही होत नाही. बाबा, तुमच्यानं काहीच बिघडलं नाही.”

‘काहीच बिघडलं नाही’ हे वाक्य दिलासा म्हणून होतं. पण ज्यानं त्यासाठी फ्रिजचं झाकण, रीनाचे केक, गव्हाची कोठी आणि स्वतःचं नाव खर्ची घातलं, त्याला ते फार कामाचं नसतं. टेबलावर नुसतं ठेवलं असतं तरी चाललं असतं.

“दाखव तर पोरी,” देवाजी म्हणाले. “एवढं ज्याच्यासाठी केलं ते दिसते कसं.”

दीक्षानं कुपी उजेडाकडे धरली. देवाजींनी पाहिलं, सिंधूताईंनी पाहिलं, दारातून रीनानं पाहिलं. कुपी स्वच्छ, पारदर्शक आणि पूर्ण रिकामी होती.

“यात तर काही नाही वं,” सिंधूताई म्हणाल्या.

“आहे आई. बुडाशी पातळ थर आहे. इतका थोडा की डोळ्याले दिसत नाही.”

देवाजींनी लादी हळूच कोठीत ठेवली. “मी दोन दिवस हवा गोठवून राहिलो होतो,” ते स्वतःशीच म्हणाले.

सोमवारी सकाळी मनोहरराव दीक्षाबरोबर कॉलेजात निघाले. तिनं नको म्हटलं. ते म्हणाले, शिक्क्याच्या कामाला आवक शाखेचा माणूस बरोबर असावा. खरं कारण असं की घरी गव्हाचा पलंग होता आणि त्याच्याशेजारी सिंधूताई.

भांडारपाल नत्थूजी किल्लीसकट हजर होते. त्यांनी खोक्यावरचा पांढरा कागद वाचला, कुपी हातात घेतली, उलटी केली, कानाशी धरून हलवली.

“रिकामी आहे.”

“सर, आत दहा मायक्रोग्रॅम आहे,” दीक्षा म्हणाली. घड्याळात साडेअकरा झाले होते. “दिसत नाही.”

“दिसत नाही ते मी प्राप्त झालं म्हणून कसं लिहू? उद्या ऑडिटवाला विचारेल, नत्थूजी, काय पाहून शिक्का मारला?” त्यांनी भांडाराचा काटा पुढे ओढला आणि त्यावर कुपी ठेवली. काटा हलला नाही. तो खडू आणि चहापत्तीसाठी घेतलेला होता. “पाहा. काहीच नाही. आता याले त्रिसदस्यीय पडताळणी समिती लागते. गुरुवारी बैठक आहे.”

“सर, दोन वाजता माझ्या पेशी...”

“पेशींचं पत्र आणा. मी समितीपुढे ठेवतो.”

दीक्षा बापाकडे वळली नाही, भिंतीकडे वळली, आणि त्यावरून मनोहररावांना कळलं की ती रडायच्या बेतात आहे. ते पुढे झाले. नत्थूजींचा त्यांना राग आला नव्हता, हीच अडचण होती. नत्थूजी जे बोलत होते त्यातलं प्रत्येक वाक्य ते स्वतः कधी ना कधी बोलले होते, ‘पत्र आणा’ हे तर आठवड्यातून दोनदा. टेबलापलीकडून ते ऐकायला कसं लागतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

त्यांची नजर टेबलावरच्या आवक गठ्ठ्यावर पडली. वरच्या पत्रावर ताजा शिक्का होता. आणि पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, त्यांना आयुष्यभर ओळखीचे दोन शब्द दिसले.

“साहेब, हे पत्र आज आलं?”

“सकाळीच.”

“तळाशी ‘सोबत: वरीलप्रमाणे’ लिहिलं आहे. सोबत काय आहे?”

नत्थूजींनी पत्र उलटून पाहिलं. “काही नाही. सोबत कधीच काही नसते. लिहायची पद्धत आहे.”

“अन् शिक्का?”

“मारला.”

“म्हणजे वस्तू आली नाही, दिसत नाही, तरी प्राप्त,” मनोहरराव शांतपणे म्हणाले. “अन् इथं वस्तू आली आहे, फक्त दिसत नाही. ऑडिटवाल्यानं विचारलंच तर कोणता शिक्का तुम्हाले जड जाईल?”

नत्थूजींनी एकदा त्या पत्राकडे आणि एकदा कुपीकडे पाहिलं. गठ्ठ्यात तसली पत्रं खूप होती. कपाटात तर त्याहून जास्त. “तुम्ही कुठून निवृत्त झाले?”

“आवक शाखा. एकतीस वर्षं.”

नत्थूजी उठले, त्यांनी फडक्यानं खुर्ची पुसली आणि पुढे सरकवली. “आधी नाही का सांगायचं, भाऊ. मी तुम्हाले बाहेरची पार्टी समजून राहिलो होतो.” चहा सांगितला गेला. शाईचं डबडं उघडलं. शिक्का उचलून ते थांबले. “शेरा काय टाकू?”

मनोहररावांनी सांगितलं आणि नत्थूजींनी पावतीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: ‘एक कुपी प्राप्त. आतील वस्तू वरीलप्रमाणे.’

पावणेबाराला दीक्षा प्रयोगशाळेकडे पळाली. मागे वळून तिनं शिक्क्याचा कागद बापाला दाखवला. शाई ओली होती, म्हणून ती तो लांब धरून पळत होती.

पेशींना दोन वाजता प्रथिन मिळालं. बुधवारी दीक्षानं मोबाइलवर त्यांचा फोटो आणला. करड्या पाण्यात करडे ठिपके होते आणि ते वाढले आहेत, असं तिचं म्हणणं होतं. मनोहररावांनी मान डोलावली. न दिसणाऱ्या गोष्टीवर शंका घ्यायचं त्यांनी सोडलं होतं. कोठीला आतून गंजरोधक रंग देऊन झाला, गहू परत भरला गेला, आणि सिंधूताई चौथ्या दिवशी बोलायला लागल्या. त्या आधी रंगाच्या वासाबद्दल बोलल्या.

रिकामा थर्माकोलचा खोका रीनानं मागितला. कुल्फी पोचवायला बरा होता. मनोहरराव म्हणाले, संध्याकाळी देतो. पांढरा कागद सहज निघाला. निळा निघेना. त्यांनी नखानं खरडला, ओल्या फडक्यानं घासला, तरी ‘उणे वीस अंश’ तसंच राहिलं. मग त्यांनी पेन घेतलं. कार्यालयात खाडाखोड करायची एक रीत असते: मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे, त्यावर एकच सरळ रेघ, शेजारी सही.

त्यांनी रेघ मारली. सही केली. खोका उचलून दारापर्यंत गेले, थांबले, परत आले, चष्मा लावला, आणि सहीखाली तारीख टाकली.